एलएसडी बसवताय? आधी आतलं चाक काय करतंय ते बघा आणि या चुका टाळा

वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की आतलं चाक जागच्या जागी फिरतं, टायर किंचाळतो आणि गाडी पुढे जायचं नाव घेत नाही. डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरसंच. साधा ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो. त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी, त्याला पेलवेल तेवढाच टॉर्क दुसऱ्यालाही मिळतो. यावर उपाय म्हणजे एलएसडी, अर्थात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल: तो पकड असलेल्या चाकाला जास्त टॉर्क पोचवतो. इथपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. घोटाळा होतो तो पुढे, "जास्तीत जास्त लॉक देणारा (म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांशी बांधणारा) कोणता?" या प्रश्नाने खरेदी सुरू होते तेव्हा.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आतलं चाक जमिनीवर राहून घसरतंय, की हवेतच जातंय? कुणाला तरी ट्रॅकच्या बाहेर सुरक्षित जागी उभं करून त्याच वळणाचा व्हिडिओ काढून घ्या आणि संथ गतीने बघा. या उत्तरावर डिफचा प्रकार ठरतो. कधी कधी तर डिफची गरजच उरत नाही. रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या) गाडीला मागे फार कडक अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) लावला असेल, तर आतलं मागचं चाक त्या बारनेच उचललेलं असतं. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या बारचं तसंच होतं. आधी ते सुधारा. झिजलेल्या टायरांवर आणि बिघडलेल्या अलाइनमेंटवर महागडा डिफ चढवणं मला तरी पटत नाही.

हेलिकलकडून नको ती अपेक्षा

टॉर्सन, क्वाइफ वगैरे ब्रँडचे गिअरवर चालणारे, म्हणजेच हेलिकल, डिफ रोजच्या गाडीला फार छान. आवाज नाही, झिजणाऱ्या क्लच प्लेट नाहीत, पार्किंगमध्ये हिसके नाहीत. पण त्यांचं काम गुणाकाराचं आहे. समजा बायस रेशो (एका चाकाला दुसऱ्याच्या किती पट टॉर्क मिळू शकतो तो आकडा) 2.5 आहे आणि आतलं चाक 100 न्यूटन मीटर पेलतंय. मग बाहेरच्या चाकाला 250 पर्यंत मिळू शकतात, म्हणजे एकूण 350. ओपन डिफ 200 वरच अडला असता. फरक मोठा आहे. आता आतलं चाक हवेत गेलं असं धरा: 0 गुणिले 2.5 म्हणजे 0. डिफ जवळपास ओपनसारखा वागतो आणि मालक म्हणतो, "खराब माल मिळाला." माल चांगलाच असतो, गाडी चाक उचलत असते. ब्रेक लावून फिरतं चाक रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गाडीत असेल तर ती इथे मदतीला येते, कारण त्या चाकावर थोडा विरोध निर्माण झाला की गुणाकाराला आकडा मिळतो. मात्र ट्रॅकवर हे सतत होत राहिलं तर ब्रेक तापतात.

याच डिफबद्दलचा आणखी एक गैरसमज. गाडी जॅकवर घेतली, गिअर टाकला, एक चाक हाताने फिरवलं आणि दुसरं उलट फिरलं, की "एलएसडी गेला" असा निकाल दिला जातो. प्रीलोड (आधीपासूनच दिलेला दाब) नसलेला हेलिकल भार नसताना उलटच फिरतो. ही चाचणी प्लेटवाल्या डिफसाठी आहे.

प्लेटवाला डिफ: नुसत्या नावावर जाऊ नका

क्लच प्लेटच्या डिफमध्ये प्रीलोड असतो. त्यामुळे एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला टॉर्क मिळायला सुरुवात होते आणि मग रॅम्प (डिफच्या आतले तिरके उतार) प्लेटना आणखी दाबतात. नुसत्या ट्रॅकसाठी मी हाच घेईन. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही असतील तर मात्र सेटिंग नीट विचारून घ्या. 1-वे फक्त ॲक्सिलरेटरवर लॉक होतो. 2-वे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढाच लॉक होतो, त्यामुळे वळणात शिरताना गाडी सरळ जायला बघते. ड्रिफ्टवाल्यांना तो आवडतो, बाकीच्यांना सहसा नाही. दोन्हीकडे वापरायच्या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीला 1.5-वे (ॲक्सिलरेटर सोडल्यावर कमी लॉक होणारा) बहुतेक वेळा बरा पडतो. रॅम्पचा कोन सहसा जितका छोटा तितका लॉक जास्त. 45 अंश जोरात धरतो, 80 च्या पुढे जेमतेम. तरी कोन कुठून मोजलाय हे बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघा, कारण दोन कंपन्यांचे आकडे थेट जुळवता येत नाहीत.

फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये प्रीलोड जास्त झाला तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. रोज चालवायच्या अशा गाडीला मी हेलिकलच सुचवेन.

आपल्या गाडीत आधीच काय आहे?

नाव तेच, म्हणून डिफही तोच असं गृहीत धरू नका. माझदा एमएक्स-5 ची पहिली पिढी बघा. 1.6 लिटरच्या गाड्यांत मिळणारा एलएसडी व्हिस्कस (दाट द्रवावर चालणारा) होता, 1.8 लिटरसोबत 1994 च्या मॉडेलपासून टॉर्सन आला. दोन्हींचे क्राउन व्हील (डिफचा मोठा दातेरी गिअर) वेगळ्या आकाराचे, त्यामुळे मोठा डिफ जुन्या गाडीत टाकायचा तर प्रोपेलर शाफ्ट आणि ॲक्सल शाफ्टही बदलावे लागतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी फायनल ड्राइव्हचा रेशो, शाफ्टच्या स्प्लाइन (टोकाच्या खाचा) आणि बेअरिंगचं माप तपासा.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

हळू वळताना कटकट आवाज येतो, हिसके बसतात: प्लेटवाल्या डिफमध्ये थोडं हे होणारच. जास्त असेल तर ऑईल बघा. बनवणाऱ्याने सांगितलेलं एलएसडी ऑईल आणि फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटचं घर्षण मवाळ करणारं मिश्रण) नसेल तर प्लेट अडकून सुटतात. उलट मॉडिफायर जास्त ओतला तर पकड मरते आणि चाक पुन्हा फिरू लागतं. म्हणून थोडा थोडा घाला. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये डिफ आणि गिअरबॉक्सचं ऑईल बहुतेकदा एकच असतं. तिथे एलएसडीसाठी म्हणून कुठलंही जीएल-5 दर्जाचं ऑईल ओतलं तर सिंक्रोनायझरना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागांना) त्रास होऊ शकतो. दोघांनाही चालेल असंच ऑईल घ्या.

ठराविक वेगाला घूंऽऽ असा सूर येतो, ॲक्सिलरेटर सोडला की बदलतो: हे बहुतेकदा क्राउन व्हील आणि पिनियनचं (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) बसणं चुकल्याचं लक्षण. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मापात आहे का, आणि दातांवर रंग लावून घेतलेला ठसा मधोमध येतो का, हे बसवतानाच बघायला हवं होतं. "पूर्वीच्याच शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) टाकल्या" असं मेकॅनिक सांगत असेल तर पुन्हा उघडायला लावा. ठसा चुकीचा असताना चालवत राहिलात तर दातच जातील.

नवा प्लेटवाला डिफ थेट ट्रॅकवर नेऊ नका. मोकळ्या जागेत हळूहळू इंग्रजी आठच्या आकारात दोन्ही बाजूंनी फिरवा, मध्ये थंड होऊ द्या, मग ऑईल बदला. निघालेलं ऑईल राखाडी दिसेल, ती प्लेटची पूड असते. त्यात धातूचे चकाकणारे तुकडे दिसले तर मात्र डिफ उघडायलाच हवा.

आणि एक, जे फार कमी लोक बघतात: एका ॲक्सलवरची दोन्ही टायरं सारखीच झिजलेली असू द्या. एलएसडीच्या ॲक्सलवर एका चाकाच्या जागी लहान स्टेपनी लावून लांब गेलात तर दोन चाकं सतत वेगळ्या गतीने फिरतात, प्लेट घासत राहतात आणि ऑईल सरळ रस्त्यावरच तापतं. पंक्चर झालंच तर लहान स्टेपनी पुढे किंवा मागे, जिथे एलएसडी नाही तिथे लावा आणि तिथलं पूर्ण मापाचं चाक एलएसडीच्या ॲक्सलवर घ्या. अर्थात, पुढची आणि मागची चाकं एकाच मापाची असतील तरच.