सामुदायिक बँडमध्ये वाजवू इच्छिणाऱ्यांसाठी

गोव्यात पाश्चात्त्य सुषिर वाद्यांची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत असत आणि तेथे घडलेल्या अनेक वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद गाजवले. फेस्ताला वाजणारे ब्रास बँडही गोव्यात सर्वांच्या परिचयाचे आहेत. फोंडा, डिचोली किंवा पेडणे येथे भजनात वाढलेल्या मराठी भाषकाला अशा वाद्यवृंदात बसावेसे वाटले, तर त्याने अवश्य बसावे. मात्र भजनातल्या काही सवयी तेथे उपयोगी पडतात आणि काही सोडाव्या लागतात, हे आधीच जाणून घ्यावे.

सोडायची पहिली सवय म्हणजे चाल ऐकून वाजवण्याची. बँडमध्ये प्रत्येकाच्या हाती फक्त आपल्या वाद्याचा कागद असतो, ज्याला पार्ट म्हणतात, आणि त्यात मूळ चाल बहुतेक वेळा नसतेच. त्यामुळे स्वरलिपी वाचता येणे आवश्यक आहे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळते. ते शक्य नसल्यास जवळच्या चर्चच्या गायकवृंदातील जाणत्या व्यक्तीकडे विचारणा करावी.

वाद्यांच्या पट्टीचे प्रकरण नवख्याला फार गोंधळात टाकते; पेटी वाजवणाऱ्याला मात्र ते लवकर उमगते, कारण ‘सा’ हलवण्याची त्याला सवय असते. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटच्या कागदावर ‘सी’ लिहिलेला असला, तरी वाद्यातून पेटीवरची काळी पाच, म्हणजे बी-फ्लॅट, निघते. आल्टो सॅक्सोफोनच्या ‘सी’तून काळी दोनचा स्वर निघतो. फ्लूट आणि ट्रॉम्बोन मात्र जसे लिहिले तसेच वाजतात. म्हणून कंडक्टर सूर जुळवण्यासाठी ‘कॉन्सर्ट बी-फ्लॅट’, म्हणजे प्रत्यक्ष कानी पडणारा बी-फ्लॅट, मागतो, तेव्हा क्लॅरिनेटवाल्याने ‘सी’ आणि आल्टोवाल्याने ‘जी’ वाजवायचा असतो. त्याआधी काही मिनिटे वाद्यात फुंकून ते गरम करून घ्यावे, कारण आतली हवा तापली की सूर चढतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो अधिकच चढतो; तेव्हा ट्रम्पेटची ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवण्याची सरकती नळी) किंवा क्लॅरिनेटचा बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) किंचित बाहेर ओढावा.

भजनातली जी सवय येथे अत्यंत मोलाची ठरते, ती मात्रा मोजण्याची. पार्टवर आडव्या जाड रेघेवर 24 असा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ चोवीस आवर्तने गप्प बसायचे. ती मनात ‘एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार’ अशी मोजावीत, म्हणजे पहिल्या आकड्यावरून कितवे आवर्तन चालू आहे ते कळत राहते. कंडक्टरची काठी सरळ खाली येते ती सम समजावी. शेजाऱ्याच्या भरवशावर मोजणे सोडू नये. तोही आपल्याच भरवशावर असण्याची शक्यता असते.

प्रथम आल्यावर तिसऱ्या क्लॅरिनेटची किंवा तिसऱ्या ट्रम्पेटची, म्हणजे चालीऐवजी खालचे साथीचे स्वर वाजवण्याची, जागा मिळाली, तर नाराज होऊ नये. माझ्या मते शिकण्यासाठी तीच जागा उत्तम, कारण मधल्या स्वरांत बसले की संपूर्ण वाद्यवृंद कसा बांधला आहे ते कानी पडते. ज्यांच्याकडे चाल आहे त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नसेल, तर आपण जरुरीपेक्षा मोठ्याने वाजवत आहोत, असे समजावे. कंडक्टरच्या सूचना पेन्सिलीने पार्टवर तत्काळ लिहाव्यात. शाईने कधीही लिहू नयेत, कारण पार्ट बँडच्या मालकीचे असतात.

पावसाळ्यात वाद्याची निगा दुप्पट राखावी लागते. क्लॅरिनेट वाजवून झाल्यावर आतून फडका फिरवून कोरडे करावे, ओली रीड (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी) माउथपीसवर तशीच ठेवू नये आणि तीन-चार रीड आळीपाळीने वापराव्यात. ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हना तेल द्यावे. मांडवीकाठी किंवा चर्चच्या प्रांगणात उघड्यावर कार्यक्रम असेल, तर कपडे वाळत घालायचे चार चिमटे सोबत न्यावेत आणि स्टँडवरचे कागद दोन्ही बाजूंनी पक्के करावेत, कारण वाऱ्याने पान उलटले तर मोजलेल्या सगळ्या मात्रा वाया जातात.