'मेमेंटो मोरी' वाचून टिपण कसं लिहावं

म्युरिएल स्पार्क यांची ही कादंबरी 1959 सालची. लंडनमधल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या मंडळींना निनावी फोन येतात: मरण येणार आहे, लक्षात ठेवा. फोन कोण करतं ते शेवटपर्यंत पक्कं कळत नाही, म्हणून वाचक चिडतो आणि अर्धं टिपण त्या चिडचिडीतच जातं. तिला रहस्यकथा समजून वाचलं की हे होणारच. फोन आल्यावर कोण कसं वागतं, तिकडे लक्ष ठेवा.

वाचतानाच वहीत तीन रकाने आखा: फोन कोणाला आला, आवाज कसा वाटला, पुढे त्या माणसाने काय केलं. पात्रांची नावंही सुरुवातीलाच नात्यांसकट लिहून घ्या. गॉडफ्री हा लेटीचा भाऊ आणि चार्मियनचा नवरा, एवढं डोक्यात बसलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. रकाने भरत गेले की गंमत दिसू लागते. लेटीला आवाज पुरुषाचा वाटतो, निवृत्त पोलीस अधिकारी मॉर्टिमरला बाईचा. लेटी पोलिसांच्या मागे लागते, जो तो तिला संशयित वाटतो. विसराळू झालेली चार्मियन मात्र फोनवाल्याला शांतपणे सांगते की बाकी आठवत नसलं तरी मरण विसरलेली नाही. टिपणाचा कणा या दोघींच्या वागण्यातल्या फरकातून उभा राहतो.

दुसरं काम पेन्सिलीचं. हसू आलं तिथे समासात एक खूण, हसू अडलं तिथे दुसरी. मग अडलेल्या जागांपैकी एकच निवडा आणि तो परिच्छेद पुन्हा वाचा. (शेवट माहीत करून घ्यायचा नसेल तर पुढची तीन वाक्यं सोडा.) लेटीचा खून घ्या. भीतीपोटी ती रात्री घर धुंडाळते, कंटाळून मोलकरीण निघून जाते, गोष्ट कर्णोपकर्णी होते आणि शेवटी चोर येतो. ही साखळी तुमच्या शब्दांत मांडा. स्पार्क ती किती कोरड्या सुरात सांगतात, ते एक वाक्य उद्धृत करून दाखवा.

'लेखिका निर्दय आहे' असा शेरा मारण्याआधी रुग्णालयातले प्रसंग तपासा. तिथे परिचारिका सगळ्याच म्हाताऱ्यांना 'ग्रॅनी' म्हणतात. चार्मियनची जुनी मोलकरीण जीन टेलर तिथेच खाटेवर आहे. संधिवाताने जखडलेली, पण तिची थट्टा लेखिका करत नाहीत. हे वगळलं तर टिपण एकांगी होतं.

स्पार्क 1954 साली कॅथलिक झाल्या, हा संदर्भ एका वाक्यात पुरे. धर्मावर सगळा भार टाकला की विनोद हातचा जातो. चारशे शब्दांत एक प्रसंग नीट मावतो, दोन कोंबू नका. वाचनगटात बोलायचं असेल तर अ‍ॅलेक वॉर्नरपासून सुरुवात करा: बातमी ऐकवून लोकांची नाडी मोजणारा, वार्धक्याच्या नोंदी जमवणारा हा गृहस्थ वाद हमखास पेटवतो.