‘नाही’ ऐकण्याचा सराव

मनातल्या टीकाकाराला गप्प करायला जाऊ नका, तो आणखी चढ्या आवाजात बोलतो. आधी त्याचं म्हणणं वहीत उतरवून घ्या. सारांश नको, मनात आलं तसंच्या तसं, शिवीसकट. सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एखादीच्या वहीत असं असेल: “सराव मुलाखतीत दोनदा अडखळलीस. तुझ्यात दमच नाही. तुला कोण घेणार?”

ही तिन्ही वाक्यं वेगवेगळ्या जातीची आहेत. पहिल्यात घडलेली गोष्ट आहे आणि तिथे टीकाकाराचं बरोबरही असू शकतं. त्यावर काम ठरवा: ती दोन उत्तरं आठवडाभर रोज मोठ्याने म्हणायची. दुसरा नुसता शिक्का आहे. दोन उत्तरांवरून अख्ख्या माणसाला मार्क देता येत नाहीत, खोडून टाका. त्या जागी “मी सर्वोत्तम आहे” मात्र लिहू नका, ते मनाला पटत नाही आणि भांडण पुन्हा पेटतं. तिसरं भाकीत. ते खरं की खोटं, हे वहीत बसून कळणार नाही.

विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडणारे अल्बर्ट एलिस यांनी स्वतःची भीती अशीच करून बघून घालवली होती. १९ व्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात त्यांनी महिनाभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलायला सुरुवात केली. जमलं काहीच नाही, पण भीती ओसरली. अनोळखी बाईला असं गाठणं आज योग्य नाही. तत्त्व तेवढं घ्या.

नकार मिळण्याची शक्यता असलेल्या विनंत्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा लिहा, ० ते १०. मंडईत विचारा, “पंधराची जुडी दहाला देता का?” (भीती २). अप्पा बळवंत चौकात पैसे न देता पुस्तक आठ दिवस बाजूला ठेवायला सांगा (४). ओळखीच्या सीनियरला आपलं उत्तर तपासून मागा (६). दोन किंवा तीनपासून सुरुवात करा, एकदम आठवर उडी नको. विचारण्याआधी “काय होईल” ते लिहा, नंतर “काय झालं” ते. एकच पायरी तीन-चारदा करा आणि आकडा निम्म्यावर आला की पुढे चला. गर्दीच्या वेळी दुकानदाराला अडवू नका. “नाही” म्हणाले तर “बरं, धन्यवाद” म्हणा, घासाघीस नको.

सराव फसतो तो बहुधा चोरवाटांमुळे. “सॉरी हं, नसेल जमत तर राहू दे” असं आधीच म्हणणं, मोबाइलकडे बघत विचारणं, उत्तर यायच्या आत निघणं. अशाने नकार पूर्ण ऐकूच येत नाही, आणि आपण तो पचवू शकतो हे मनाला कळत नाही. हमखास होकार मिळेल असंच मागत राहिलात तरी तेच.

नकार आल्यावर छातीत धस्स होईलच. तेव्हा “नकार येताच कामा नये” हा हट्ट बदलून म्हणा, “नसता आला तर बरं होतं, पण आला तरी मी निभावेन.” टीकाकार जगण्यावरच उठला असेल, मरणाचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा.

सहाच्या पायरीनंतर खरी विनंती: नोकरीचा अर्ज, मासिकाला कविता. पाठवल्याची तारीख वहीत लिहा. तीन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदाच, दोन ओळींत विचारा.