पावती वेशीपर्यंतच चालते: अमेरिकेत गांजा घेऊन राज्य ओलांडताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतली पाच-सहा पोरं पेनसिल्वेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरात केबिन घेऊन निघाली होती. सामानात पोहे, मॅगी, मसाला लावून ठेवलेलं चिकन आणि एका सॅकच्या पुढच्या कप्प्यात न्यू जर्सीच्या डिस्पेन्सरीतून, म्हणजे गांजाच्या परवाना असलेल्या दुकानातून, घेतलेला गमीजचा (गांजाचा अर्क घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचा) डबा. मी म्हटलं, "हे कशाला?" उत्तर आलं, "दादा, लीगल आहे. पावतीसुद्धा आहे."

पावती खरीच होती. एकवीस वर्षं पूर्ण, आयडी दाखवलेलं, कर भरलेला. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून दुकानात उघड विक्री होते आणि जवळ सहा औंसांपर्यंत बाळगता येतं. पण एडिसनहून निघून आय-८० हायवेला लागलं की सव्वा तासात डेलावेअर नदीचा पूल येतो, आणि पलीकडे पेनसिल्वेनिया. तिथे डॉक्टरांच्या शिफारशीचं कार्ड असलेल्यांनाच परवानगी आहे. बाकीच्यांना तीस ग्रॅमपर्यंतच्या गांजालाही तीस दिवसांपर्यंत कैद आणि पाचशे डॉलर्सपर्यंत दंड होऊ शकतो. डबा शेवटी घरीच राहिला. पोरं माझ्यावर दिवसभर रुसली होती, ते असो.

लीगल म्हणजे नेमकं कुठे लीगल, हा प्रश्न पुलाअलीकडेच विचारायचा असतो. पुढच्या बहुतेक चुका तो न विचारल्यामुळेच होतात.

"दोन्हीकडे लीगल आहे, मग काय?"

ही सगळ्यात सभ्य चूक. न्यू जर्सीत चालतं, न्यूयॉर्कमध्ये २०२१ पासून चालतं, मग हडसन नदी ओलांडताना कसली भीती? भीती अशी की राज्याची हद्द ओलांडली की विषय केंद्राच्या अखत्यारीत जातो. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा हेरॉइनच्या रांगेत, अंमली पदार्थांच्या सगळ्यात कडक यादीत, म्हणजे पहिल्या शेड्यूलमध्ये बसवला. तो तिसऱ्या शेड्यूलमध्ये आणण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये न्याय खात्यानेच मांडला. पण तिसऱ्या शेड्यूलमधली वस्तूसुद्धा प्रिस्क्रिप्शनशिवाय खिशात घालून फिरता येत नाही, त्यामुळे "आता शेड्यूल बदलतंय" या बातमीवर सॅक भरू नका.

केंद्राचा हात किती लांब आहे, हे कॅलिफोर्नियातल्या दोन आजारी बायकांच्या खटल्यात दिसलं. परसातली झाडं, स्वतःपुरती, विक्री नाही, राज्याबाहेर पान गेलेलं नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गोन्झालेस विरुद्ध रेच या निकालात सांगितलं की केंद्र बंदी घालू शकतं. परसातल्या झाडाची ही गत, तर हायवेवरच्या डिकीची काय सांगावी? ओरेगॉनने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये इतर राज्यांशी गांजाच्या व्यापाराचे करार करता यावेत म्हणून कायदे करून ठेवलेत, पण केंद्राने वाट मोकळी केल्याशिवाय ते लागू होत नाहीत. सरकारं थांबली आहेत, आपण थांबायला हरकत नसावी.

प्रत्यक्षात हडसनखालच्या हॉलंड टनेलमध्ये तुमची सॅक कोणी उघडत नाही, हे मलाही माहीत आहे. जवळ बाळगल्याबद्दल केंद्रीय कायद्यात पहिल्या वेळी वर्षभरापर्यंत कैद आणि किमान हजार डॉलर्स दंड आहे, आणि एका डब्यासाठी केंद्राचा वकील क्वचितच कोर्टात उभा राहतो. नागरिक असाल तर धोका लहान आहे. व्हिसावर असाल तर हिशेबच वेगळा, त्याकडे येतोच.

हद्द ओलांडली नाही, तरी जमीन केंद्राची असू शकते

गंमत म्हणजे त्या पोरांना डेलावेअर वॉटर गॅपला थांबून फोटो काढायचे होते. नदीच्या दोन्ही काठांवरचा तो मोठा पट्टा केंद्राच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे. म्हणजे पूल ओलांडायच्या आधीच, न्यू जर्सीतच, पावती निकामी. योसेमिटी नॅशनल पार्कला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चहूबाजूंनी कॅलिफोर्निया असला तरी फाटकाच्या आत कायदा वॉशिंग्टनचा. तिथला रेंजर वाट विचारायला गोड असतो आणि दंडाचा कागद फाडायलाही.

गमीज म्हणजे गोळ्या-बिस्किटं नव्हेत

गांजा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चिलीम येते. गमी म्हटली की चॉकलेट. त्यामुळे जो माणूस पुडी घेऊन राज्य ओलांडणार नाही, तो गमीजचा डबा किंवा व्हेप निर्धास्त नेतो. अनेक राज्यांचे कायदे नेमके उलटे आहेत. फूल सौम्य, अर्क कडक.

टेक्सासचं उदाहरण हातात डबा धरूनच बघा. दहा गमीज, प्रत्येकीत दहा मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक), म्हणजे डब्यात एकूण शंभर मिलिग्रॅम, ग्रॅमचा दहावा हिस्सा. एक गमी साधारण चार ग्रॅमची धरली तर डबाभर गमीजचं वजन चाळीस ग्रॅम. टेक्सासात दोन औंसांच्या आत गांजाचं फूल सापडलं तर तो किरकोळ गुन्हा: १८० दिवसांपर्यंत कैद, दोन हजार डॉलर्सपर्यंत दंड. पण गांजातून काढलेला टीएचसी वेगळ्या गटात मोडतो. त्यात एक ग्रॅमच्या आतही फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, होते, आणि वजन करताना साखर, जिलेटीन, रंग सगळं धरतात. चाळीस ग्रॅम म्हणजे चार ते चारशे ग्रॅमच्या खणात. त्या खणाची शिक्षा दोन ते वीस वर्षं. पुडी नेणारा सुटेल आणि गमी नेणारा अडकेल, असा हा प्रकार. २०१४ मध्ये राउंड रॉक गावात एकोणीस वर्षांच्या मुलावर ब्राउनीजपायी असाच गुन्हा लागला. मैदा, साखर, कोको सगळं तराजूत गेलं आणि जन्मठेपेची शक्यता उभी राहिली. पुढे आरोप सौम्य झाले, पण ते होईपर्यंत घरच्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा.

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून टेक्सासातल्या ऑस्टिनला बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं. आय-१० वर एल पासोच्या पुढे सिएरा ब्लांका नावाचं ठिकाण आहे. मेक्सिकोत पाऊलही न टाकलेल्या गाड्या तिथे बॉर्डर पेट्रोल, म्हणजे केंद्राचं सीमेवरचं गस्ती दल, थांबवतं, आणि कुत्री हुंगतात. गायक विली नेल्सनची बस नोव्हेंबर २०१० मध्ये इथेच अडली, स्नूप डॉगची जानेवारी २०१२ मध्ये. त्यांना वकील परवडतात. आणि या नाक्यावर पहिला प्रश्न असतो, "अमेरिकन नागरिक आहात का?"

"हेम्पचं आहे, पेट्रोल पंपावर मिळतं"

हेम्प म्हणजे गांजाचंच झाड, पण टीएचसी अगदी कमी असलेलं. २०१८ च्या फार्म बिलाने, म्हणजे केंद्राच्या शेतीविषयक कायद्याने, ०.३ टक्क्यांच्या आत डेल्टा-नाइन (नेहमीचा) टीएचसी असलेला हेम्प मोकळा केला, आणि त्या फटीतून डेल्टा-एट वगैरे टीएचसीचे नाना प्रकार बाजारात आले. पाकीट बघून ट्रूपरला, म्हणजे हायवेवरच्या पोलिसाला, फरक कळत नाही, तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो आणि तोवर तुम्ही आत. जानेवारी २०१९ मध्ये ओरेगॉनहून कोलोरॅडोला निघालेला हेम्पचा ट्रक आयडाहोत पकडला गेला. ड्रायव्हरकडे कागद होते. तरी माल जप्त, ड्रायव्हर तुरुंगात. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने हेम्पची व्याख्याच आवळली, फक्त अंमल एक वर्षाने ठेवला. मागच्या वर्षीच्या पाकिटावर यंदा भरवसा ठेवू नका.

मेडिकल कार्डाचंही तसंच. दुसऱ्या राज्याचं कार्ड मोजकी राज्यं मानतात, केंद्र कुठलंच मानत नाही. पोस्टाने पाठवणं हा तर उपायच नव्हे, पोस्ट केंद्राचंच खातं आहे.

विमानतळावरचा गैरसमज

प्रवाशांची तपासणी करणारं केंद्राचं खातं, टीएसए, स्वतःच सांगतं की आम्ही गांजा शोधत नाही. हे वाक्य लोक अर्धंच ऐकतात. पुढचा भाग असा की तपासणीत सापडला तर पोलिसांना कळवतो. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर पोलीस कदाचित राज्याचं प्रमाण बघून सोडतील, पण तुम्ही उतरणार टेक्सासातल्या डॅलसला. लास व्हेगासच्या विमानतळावर २०१८ पासून आणि शिकागोत २०२० पासून हिरव्या-निळ्या पेट्या ठेवल्या गेल्या. उरलेलं त्यात टाकायचं, कोणी काही विचारत नाही. पेटी नसेल तर निघायच्या आधी, घरीच विल्हेवाट लावा. वीस डॉलर्स गेल्याचं दुःख गेटपर्यंतही टिकत नाही.

खरी महागडी चूक: "केस किरकोळ आहे, दंड भरून मोकळा होतो"

नोकरीचा एच-वन-बी व्हिसा, विद्यार्थ्यांचा एफ-वन, ग्रीन कार्ड, यांपैकी काहीही असेल तर हा भाग दोनदा वाचा.

इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे, आणि त्याला राज्याची सवलत दिसत नाही. त्यात एक विचित्र तिढा आहे. तीस ग्रॅमच्या आत, स्वतःपुरता, एकदाच, अशा गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढायला अपवाद आहे. पण देशात घ्यायला तसा आपोआप अपवाद नाही. सवलतीचा अर्ज करता येतो, तो मिळेलच असं नाही. म्हणजे घरात बसलात तर काढत नाहीत, आणि आजीच्या वर्षश्राद्धाला पुण्याला गेलात तर परत घेत नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे यासाठी शिक्षा व्हावीच लागते असं नाही. अधिकाऱ्यासमोर गुन्ह्याची कबुली दिली तरी पुरते. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अंमली पदार्थांचा कुठलाही कायदा मोडला आहे का, असा थेट प्रश्न आहे. "हो, पण कॅलिफोर्नियात लीगल होतं" हे उत्तर प्रामाणिक असूनही घातक ठरू शकतं, आणि "नाही" असं खोटं लिहिलंत तर फसवणुकीचा आरोप वेगळा. म्हणून फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. फोनमधले पार्टीचे फोटो विमानतळावर बघितले जाऊ शकतात, हेही त्याला विचारा. नागरिकत्वाच्या अर्जासाठी तर एप्रिल २०१९ मध्ये ते अर्ज बघणाऱ्या केंद्राच्या खात्याने, यूएससीआयएसने, लेखी सांगितलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाचं सेवन किंवा त्या धंद्यातली नोकरी चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकते. डिस्पेन्सरीत पार्ट-टाइम काउंटरवर उभं राहणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

न्यायाधीश म्हणतात, "गुन्हा कबूल करा, सहा महिने नीट वागा, केस काढून टाकू." राज्याच्या वहीतून केस जाते. इमिग्रेशनच्या वहीत, कबुली दिली आणि काही बंधन घातलं एवढ्यावर ती शिक्षाच ठरते. केंटकीत होजे पादिया नावाचा ट्रक ड्रायव्हर गांजाच्या मालासह पकडला गेला. चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत, व्हिएतनाम युद्धात लढलेला, ग्रीन कार्डवाला. वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं आहात, काळजी करू नका. त्याने गुन्हा कबूल केला आणि देशाबाहेर जायची वेळ आली. त्याच्याच खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फौजदारी वकिलाने अशिलाला इमिग्रेशनचा परिणाम सांगायलाच हवा. तुमच्या वकिलाला पहिल्या भेटीत हे नाव ऐकवा. ऐकून तो गडबडला तर दुसरा शोधा.

गाडी अडवलीच तर

लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स द्या. हात स्टिअरिंगवर. "गाडी तपासू का?" असं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणता येतं, त्याला "मी तपासणीला संमती देत नाही" एवढं वाक्य पुरतं. वास आला किंवा दुसरं ठोस कारण असेल तर ते तरीही तपासतील. तेव्हा वाद घालू नका, अडवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या रॉड्रिग्ज निकालानुसार संशयाला कारण नसताना कुत्रं येईपर्यंत गाडी रोखून धरता येत नाही, पण तो मुद्दा कोर्टात वकिलाने मांडायचा, रस्त्याकडेला तुम्ही नव्हे. कुठून आलात, कोणाचं आहे, कधी घेतलं, यावर "मला वकिलाशी बोलायचं आहे". आपल्याकडे पोलिसाला समजावून सांगायची जुनी सवय आहे. "सर, पावती आहे" हे वाक्य तिथे कबुली म्हणून लिहून घेतलं जातं. खोटंही बोलू नका.

आणि तो डबा पुण्याला भावासाठी नेऊ नका. तिथे अंमली पदार्थांवरचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, आणि हीरा सिंग खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की वजन मिश्रणाचं धरायचं, फक्त अंमली भागाचं नव्हे. टेक्सासचाच तराजू.

केस मिटली, अगदी रद्द झाली, तरी कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची शिक्क्याची प्रत घ्या. दोन घ्या. जुन्या नोंदी काही ठिकाणी नष्ट करतात, आणि पाच वर्षांनी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीवर तोच कागद मागतात.