मागचे शॉकअप बदलले : माझा अनुभव

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना मागे कुणी बसलं की माझी दुचाकी वळणावर होडीसारखी डुलायची. टायरमध्ये हवा बरोबर, चिमटाही (मागचं चाक धरणारी चौकट) ढिला नव्हता. मग सीट जोरात दाबून सोडली. चांगला शॉकअप एकदा वर येऊन थांबतो; माझी गाडी नाचतच राहिली. डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलकट चिखल, म्हणजे आतलं तेल अडवणारं सील गेलेलं. स्प्रिंग शाबूत, पण तिला आवरणारं तेलच उरलं नव्हतं.

पोवई नाक्यावर एकजण तेल भरून देतो म्हणाला. पण दांड्यावर गंजाचे खड्डे पडले होते, त्यावर नवं सीलही टिकत नाही. जोडीच घेतली. एकच बदलला की दोन्ही बाजू सारखं काम करत नाहीत.

गाडी मेन स्टँडवर घेऊन एका वेळी एकच बाजू खोलली. दोन्ही एकदम काढले की चिमटा खाली येतो नि भोकं जुळवताना घाम फुटतो. खालचा बोल्ट गंजून बसलेला, त्याला रात्रभर डिझेल पाजलं. नट आधी हातानेच लावले, शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून, म्हणजे शॉकअपच्या टोकातलं रबरी बुश पिळवटत नाही. स्प्रिंगचा ताण ठरवणारी खाच दोन्हीकडे सारखी, डबलसीटसाठी एक घर कडक.

सज्जनगडाला डबलसीट जाऊन आलो. डुलणं गेलं, खड्डे मात्र जिथल्या तिथे.