जोड-ब्रेक असलेल्या टूरिंग मोटरसायकलची सवय कशी करावी

1 एप्रिल 2019 पासून भारतात 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर कॉम्बी ब्रेक, म्हणजेच जोड-ब्रेक, सक्तीचा आहे, त्यामुळे एक लिव्हर दाबल्यावर दोन्ही चाकांना ब्रेक लागणे स्कूटर चालवणाऱ्यांना नवे नाही. तरीही स्कूटरवरचा हा अनुभव होंडा गोल्ड विंगसारख्या पावणेचारशे किलोंच्या आसपास वजनाच्या, लांब पल्ल्याच्या टूरिंग गाडीवर पुरत नाही आणि बुलेटवर मुरलेल्या पायाला तर नव्याने शिकावे लागते.

सर्वप्रथम आपल्या गाडीत काय कशाला जोडले आहे, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहावे. मोटो गुझी या इटालियन कंपनीने 1970च्या दशकातच पायाच्या पेडलला मागच्या डिस्कबरोबर पुढची एक डिस्क जोडली होती. 2001 नंतरच्या गोल्ड विंगमध्ये हाताचा लिव्हर आणि पेडल ही दोन्ही नियंत्रणे दोन्ही चाकांवर काम करतात. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत लिव्हर दोन्ही चाके आवरतो, पण पेडल फक्त मागचे. हार्लेच्या 2014 पासूनच्या एबीएस असलेल्या टूरिंग गाड्यांत ही जोडणी इलेक्ट्रॉनिक असून कमी वेगात ती आपोआप सुटते.

खरा धोका मला भर वेगापेक्षा संथ वळणात अधिक वाटतो. अरुंद रस्त्यावर गाडी उलट फिरवताना आपण हाफ क्लच धरून मागचा ब्रेक हलका दाबून ठेवतो, आणि साध्या गाडीवर हीच रीत योग्य असते. परंतु पेडल पुढच्या चाकालाही जोडलेले असेल, तर हँडल पूर्ण वळलेले असताना पाय किंचित जास्त पडला तरी पुढचा काटा दबतो, गाडी जागीच थबकते आणि आतल्या बाजूला कलंडते. म्हणून मोकळ्या, कोरड्या, सपाट मैदानात आधी केवळ पेडलने, मग केवळ लिव्हरने आणि शेवटी दोन्हींनी ताशी 30 किलोमीटरवरून गाडी सरळ रेषेत थांबवून पाहावी, प्रत्येक वेळी ती कुठे थांबली याची खूण करावी, आणि त्यानंतरच इंग्रजी आठाच्या आकारात फिरताना पेडलवर किती हलका दाब पुरतो हे पायाला शिकवावे. मागे सोबती आणि सामान घेऊन जायचे असेल, तर हा सराव त्या वजनासह पुन्हा करावा.

घाटात वेग वळणाआधीच, गाडी सरळ असताना कमी करावा. कललेल्या गाडीवर पेडल झटक्याने दाबल्यास पुढचे चाकही पकड गमावू शकते. खडीवर केवळ मागचा ब्रेक वापरण्याची जुनी युक्ती इथे गृहीत धरू नये.

2001 च्या सुमारास आलेल्या बीएमडब्ल्यूच्या सर्वो (ब्रेकचा दाब विजेच्या मदतीने वाढवणारी यंत्रणा) असलेल्या ब्रेकबाबत एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: इग्निशन बंद असताना सर्वोची मदत मिळत नाही, त्यामुळे अशी गाडी उतारावर ढकलत नेताना लिव्हर नेहमीपेक्षा बराच जोरात दाबावा लागतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे गॅरेजच्या दारातच तपासावे.

देखभालीत मागच्या पॅडकडे दुर्लक्ष नको, कारण प्रत्येक वेळी लिव्हर दाबताना तेही झिजतात. ब्रेक ऑइल बदलताना हवा काढण्याचा क्रमही साध्या गाडीपेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून ती गाडी जाणणाऱ्या मेकॅनिककडेच हे काम द्यावे.

आठवडाभराच्या दौऱ्यानंतर पुन्हा जुन्या बुलेटवर बसलात, तर गल्लीतून बाहेर पडण्याआधी दोन-तीनदा ब्रेक लावून पाहावा. तिथे नुसते पेडल दाबल्यास पुढचे चाक मदतीला येणार नाही.