विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, तरी जुलाब का थांबत नाहीत?

बहुतेक वेळा चुकतं ते माप, नाहीतर टाकायची पद्धत.

आधी पाणी मोजा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने (विहिरीच्या नव्हे) आणि मग 785 ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर, म्हणजे 28,260 लिटर. नितळ पाण्याला, 33 टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर 1000 लिटरमागे 2.5 ग्रॅम, म्हणजे इथे 70 ग्रॅम. दमट जागी उघड्या राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग तेच वजन टाकूनही उपयोग शून्य.

कोरडी पावडर विहिरीत भुरभुरू नका. नाकातोंडाला फडकं बांधा. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती कालवा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि 10 मिनिटं राहू द्या. एका बादलीला 100 ग्रॅमच्या वर नको. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, तळाचा चुना फेका. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून जोरात वरखाली हलवा. तासभर उपसा बंद. रात्रीची वेळ सोयीची.

तासाभराने ओटी टेस्ट करा, म्हणजे थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासा. पिवळा रंग लगेच पाहा, दहा सेकंदांच्या आत. उशिरा चढलेला रंग फसवा असू शकतो. विहिरीत दर लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. तपासलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका. रंगच आला नाही तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडला. पुन्हा डोस द्या. गढूळ पाण्यात हे हमखास होतं, शिवाय मातीच्या कणांआड जंतू वाचतात.

खरी परीक्षा घरच्या हंड्यात. तिथे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. विहीर उत्तम, पण हंड्यात हात बुडवून पेला भरला की सगळं मुसळ केरात! झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं पाहिजेच.

क्लोरीनने कॉलरा, विषमज्वराचे जंतू मरतात. क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब घडवणारा एक सूक्ष्म परजीवी) आणि जंतांची अंडी दाद देत नाहीत. त्यांना शौचालयातच अडवावं लागतं. शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर आणि उताराच्या बाजूला घ्या. भेगाळ खडक असेल तर अंतर वाढवा. दोन खड्ड्यांच्या शौचालयात भरलेला खड्डा बंद करून दीड-दोन वर्षं उघडू नका, कारण जंतांची अंडी ओल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतात.